न सुटलेली गाडी

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरच्या दिशेने निघालं की तालुका संपता संपता धाड लागतं. मोठं गाव, आसपासच्या खेड्यांची बाजारपेठ. धाडच्या पुढे थोड्याच अंतरावर जिल्हा बदलतो, विदर्भ मागे पडतो आणि मराठवाड्यातला भोकरदन तालुका सुरू होतो. शेतं तीच, कपाशी-सोयाबीन तेच, सोयरीकही दोन्हीकडे. एसटीच्या कागदावर मात्र इथे एक जाड रेघ आहे. अलीकडचं बुलढाणा आगार बुलढाणा विभागाचं, म्हणजे अमरावती प्रदेशातलं. पलीकडे जालना विभाग, त्याला लागून छत्रपती संभाजीनगर विभाग, आणि हे दोन्ही वेगळ्या प्रदेशात. धाडच्या स्टँडवर थांबलेल्या बाईला जालन्याच्या दवाखान्यात जायचं असेल तर तिच्या उपयोगाची गाडी यांतल्या कुठल्याही विभागाची असू शकते. तिचा प्रश्न एवढाच असतो: पुढची गाडी आहे का, आणि असली तर कधी?

सार्वजनिक बससेवेत ‘बुद्धिमान वाहतूक यंत्रणा’ रुजवताना येणाऱ्या अडचणींवरच्या या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम धाडपासून करतो आहे. या विषयावरचं लेखन बहुधा लंडन, सोल, बेंगळूरु, फार तर पुण्यापासून सुरू होतं. त्या शहरांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि पुढच्या प्रकरणांत ते येईलच. पण महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाचे ३१ विभाग आणि अडीचशे आगारं मिळून रोज सुमारे ५५ लाख माणसांची ने-आण करतात, आणि त्यांतली फार मोठी संख्या धाडसारख्या गावांतून चढते-उतरते. रेल्वे गाठायची तर इथून एका बाजूला मलकापूर, दुसऱ्या बाजूला जालना. खामगाव–जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे आणि अजून मागणीच आहे. दुचाकी नसलेल्या, चालवू न शकणाऱ्या माणसाला एसटी किंवा काळी-पिवळी, तिसरा मार्ग नाही. यंत्रणेची खरी परीक्षा अशा ठिकाणी होते.

धाडची रेघ एसटीहून जुनी आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत पलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान होतं, अलीकडे मध्य प्रांत-वऱ्हाड. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांवर सरकारी बससेवा सुरू केली होती. देशातल्या अगदी पहिल्या सरकारी बससेवांपैकी ती एक. वऱ्हाडाच्या बाजूला नागपूरहून कारभार पाहणारी प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस होती. मुंबई राज्याची एसटी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर रस्त्यावर धावली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा आणि विदर्भ मुंबई राज्यात आले, तेव्हा या तिन्ही सेवा एकत्र झाल्या आणि १९६० नंतर त्यांचंच आजचं महामंडळ झालं. गाड्यांचा रंग एक झाला, भाड्याचा टप्पा ६ किलोमीटरचा ठरला, पण कामाचं एकक आगार हेच राहिलं. गाडी आगाराची, चालक-वाहक आगाराचे, उत्पन्न आगाराचं, डिझेलचा हिशोब आगाराचा, आणि साहेबांच्या बैठकीत उत्तर द्यायचं तेही आगार व्यवस्थापकाने. या व्यवस्थेने एसटी साठ-सत्तर वर्षं चालवली हे विसरता कामा नये. पण प्रवाशाचा प्रवास आगाराच्या हद्दीत बसत नाही. नवी यंत्रणा आगाराच्या हिशोबासाठी बांधायची की प्रवाशाच्या प्रवासासाठी, हा पहिला निर्णय. आणि तो सहसा कुणी उघडपणे घेतच नाही.

यंत्रणा म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. वाहकाच्या हातातलं तिकीट मशीन, ज्याला एसटीत ईटीआय म्हणतात, ते २०१० च्या आसपास आलं आणि लाकडी ट्रे, रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि पंच मागे पडले. घरबसल्या आरक्षण करता येऊ लागलं. २०१९ पासून गाड्यांना जीपीएसची पेटी बसवायला सुरुवात झाली, स्थानकांवर गाड्यांची वेळ दाखवणारे पडदे लागले, मग मोबाईलवर गाडी कुठे आहे हे दाखवणारं ॲप आलं. अलीकडे अँड्रॉइडवर चालणारी नवी तिकीट मशीन आली, त्यांवर क्यूआर कोड दाखवून पैसे घेता येतात. आता कॅमेरे, धोक्याची बटणं, विजेवरच्या गाड्या आणि त्यांच्या चार्जिंगचं नियोजन येतं आहे. कागदावर पाहिलं तर एसटी मागे नाही. जगात जे जे आहे त्यातलं बहुतेक काही ना काही रूपात इथे पोचलेलं आहे. मग धाडच्या स्टँडवरचा प्रश्न अजून तसाच का?

त्याचं मुख्य कारण माझ्या मते असं. जीपीएसची पेटी सुटलेली गाडी दाखवते. न सुटलेली गाडी ती दाखवू शकत नाही. पडद्यावर किंवा ॲपवर जो ठिपका सरकतो तो रस्त्यावर आलेल्या गाडीचा असतो. पण खेड्यातल्या प्रवाशाचं सगळ्यात मोठं नुकसान उशिरा आलेल्या गाडीने होत नाही, रद्द झालेल्या फेरीने होतं. गाडी वीस मिनिटं उशिरा आली तर माणूस थांबतो. फेरीच रद्द झाली आणि ते कळलं नाही, तर तो तासभर थांबतो, मग चढ्या भाड्याने काळी-पिवळीत स्वतःला कोंबून घेतो किंवा घरी परततो. परीक्षा, तारीख, डॉक्टरची वेळ बुडते ती बुडतेच.

फेरी रद्द का होते, हे आगारात बसलेल्या माणसाला विचारावं. चालक रजेवर असतो, वाहक आजारी पडतो, गाडी कार्यशाळेत अडकते, टायर येत नाही. पंढरपूरच्या आषाढीला राज्यभरातून सुमारे पाच हजार जादा गाड्या सोडतात, त्या कुठल्यातरी आगाराच्या रोजच्या फेऱ्यांतूनच काढलेल्या असतात. होळीच्या सुमारास याच बुलढाणा तालुक्यात पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते, तेव्हाही तसंच. लग्नसराईत प्रासंगिक कराराच्या गाड्या, निवडणुकीत मतदान पथकांच्या गाड्या. यात कुणाचा आळस नाही. गाड्या कमी आहेत आणि मागणी जास्त. एकेकाळी १८ हजारांच्या घरात असलेला ताफा करोनानंतरच्या वर्षांत तीन-चार हजारांनी घटला होता, आणि जून २०२५ मध्ये शासनाने मांडलेल्या श्वेतपत्रिकेत महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींहून अधिक होता. अशा आगारात वाहतूक नियंत्रक सकाळी साडेपाचला उभा राहतो आणि ठरवतो की आज कुठली फेरी सोडायची आणि कुठली नाही. हा निर्णय त्याच्या डोक्यात होतो, तोंडाने सांगितला जातो, रजिस्टरात उतरतो. तो धाडच्या स्टँडवर पोचण्याचा कुठलाही ठरलेला मार्ग नाही. कोट्यवधींची यंत्रणा बसवून झाल्यावरही या एका वाक्याचा प्रवास, म्हणजे ‘आज साडेसातची गाडी नाही’ याचा, तितकाच अवघड राहतो.

रेल्वेचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे ॲप बेंगळूरुच्या एका छोट्या कंपनीने केलं, २०१८ मध्ये गुगलने ती कंपनी विकत घेतली. आजही लाखो लोक ते वापरतात, कारण इंटरनेट नसलं तरी मोबाईल टॉवरच्या अंदाजाने ते गाडी कुठे आली ते सांगतं. पण त्याच्या मागे रेल्वेचं जाहीर वेळापत्रक आहे, गाडीला क्रमांक आहे, स्थानकाला ठरलेली सांकेतिक अक्षरं आहेत, आणि रद्द झालेल्या गाड्यांची यादी रेल्वे स्वतः जाहीर करते. ॲप हुशार आहे खरं, पण ते शिस्तीत ठेवलेल्या माहितीच्या खांद्यावर उभं आहे. एसटीच्या गावगाड्यांकडे हा खांदाच नाही. धाडच्या आसपास पिंपळगाव सराई आहे आणि भोकरदनकडे पिंपळगाव रेणुकाई आहे. राज्यात नुसती पिंपळगावं मोजायची म्हटलं तर दिवस जाईल. गावाच्या नावाशिवाय थांब्याला दुसरी ओळख नसेल, फाट्यावरचा थांबा आणि गावातला थांबा माहितीत एकच असेल, तर यंत्राने कितीही मेहनत केली तरी उत्तर चुकणार. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या बससेवेने गुगलसोबत मिळून वेळापत्रक आणि थांबे लिहिण्याची एक साधी, सगळ्यांना खुली पद्धत तयार केली. आज जगभर तीच वापरतात. तिच्यात चकचकीत काही नाही. थांब्यांची यादी, फेऱ्यांची यादी, वेळा, एवढंच. पण ती यादी रोज खरी ठेवणारा माणूस लागतो, आणि निविदेत त्या माणसाचं नाव कुठेच नसतं.

शहर आणि खेडं यांतला फरकही इथेच आहे. लंडनने १९९२ मध्ये थांब्यांवर पुढची बस किती मिनिटांत येईल हे दाखवायला सुरुवात केली आणि २००९ पर्यंत आपल्या सुमारे आठ हजार गाड्यांवर नवी यंत्रणा बसवून घेतली. सोलने २००४ च्या जुलैमध्ये सगळे बसमार्ग नव्याने आखले आणि त्याच झटक्यात एकच भाडेकार्ड आणलं. कर्नाटकात म्हैसूरला २०१२ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुमारे ५०० शहर बसगाड्यांवर ही यंत्रणा आली. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट गृहीत आहे: एक गाडी चुकली तर दुसरी थोड्या वेळात येते. तिथे यंत्रणेचं काम वाट पाहणं कमी त्रासाचं करणं. जिथे दिवसाला चार किंवा दोनच फेऱ्या आहेत, तिथे तिचं काम अगदी वेगळं, म्हणजे फेरीची खात्री देणं. शहराची यंत्रणा उचलून खेड्यात बसवली की ती मिनिटं मोजते, आणि मिनिटांचा तिथे काही उपयोग नसतो.

आता वाहकाकडे येऊ, कारण यंत्र प्रत्यक्ष वापरतो तो वाहक. नवं मशीन त्याच्या हातात आलं तेव्हा अधिकाऱ्यांना त्यात पारदर्शकता दिसली, त्याला मात्र आणखी एक जबाबदारी. गाडीत साठ माणसं, पुढचा टप्पा दहा मिनिटांवर, तोवर सगळ्यांची तिकिटं पुरी झाली पाहिजेत. नाहीतर मार्गतपासणी पथक चढलं तर बिनतिकीट प्रवासी सापडतो आणि कारवाई वाहकावर होते. अशा वेळी एक तरुण क्यूआर कोड दाखवायला सांगतो. गाडी डोंगराच्या आडोशाला असते, रेंज येते-जाते, पैसे प्रवाशाच्या खात्यातून गेल्याचा संदेश येतो पण मशीनवर तिकीट उमटत नाही. पैसे गेले हे प्रवाशाचं म्हणणं खरं असतं, आले नाहीत हे वाहकाचंही खरं असतं. दोघांच्या मध्ये निर्णय देणारा कुणी नसतो आणि टप्पा उलटून जातो. जानेवारी २०२५ मध्ये भाडेवाढ झाली, साध्या गाडीचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला, आणि सुट्ट्या पैशांवरून वाद वाढले. तेव्हा महामंडळाने लोकांना मोबाईलने पैसे द्यायला सांगितलं. सल्ला बरोबर होता. पण रेंज नसताना आधी तिकीट काढून द्यायचं, पैशांचा ताळमेळ आगारात रात्री लावायचा आणि चूक झाली तर वाहकाला दोषी धरायचं नाही, असा नियम त्याच्यासोबत यायला हवा होता. यंत्राबरोबर नियम बदलला नाही तर यंत्राचा भार सगळ्यात खालच्या माणसावर पडतो.

आणि या माणसांचा विश्वास हा काही छोटा मुद्दा नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटी कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरणासाठी जो संप केला, तो महामंडळाच्या इतिहासातला सर्वांत मोठा. त्या संपाच्या आठवणी प्रत्येक आगारात आहेत. पगार उशिरा होत असताना गाडीत नवी पेटी बसली की चालकाला वाटतं, ही माझ्यावर नजर ठेवायला आली. वेग किती, थांबा कुठे घेतला, इंजिन किती वेळ चालू ठेवलं, सगळं नोंदलं जाणार. ही भीती निराधार नाही, कारण पहिल्या काळात त्या माहितीचा सगळ्यात सोपा उपयोग खुलासा मागण्यासाठीच होतो. ज्या आगारात तीच माहिती ‘या फेरीला दिलेला वेळ मुळातच अपुरा आहे’ असं सांगण्यासाठी वापरली जाईल, तिथे चालक स्वतःहून पेटी जपेल. रस्त्याची कामं चालू असताना, घाटात, पावसाळ्यात जुन्या वेळापत्रकात गाडी बसत नाही हे चालक वर्षानुवर्षं तोंडी सांगत आले आहेत. आता त्यांच्या बाजूने आकडा उभा राहू शकतो. ही माझ्या दृष्टीने या यंत्रणेची सगळ्यात मोलाची शक्यता आहे, आणि तिचा विचार सगळ्यात कमी झाला आहे.

तिकीट मशीनमधल्या माहितीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण यातली चूक मुलींच्या शिक्षणापर्यंत पोचते. मशीनमधलं प्रत्येक तिकीट सांगतं की माणूस कुठे चढला, कुठे उतरणार, किती वाजता. शहराच्या नियोजनकारांना हेवा वाटावा अशी ही माहिती आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. या सवलतींची भरपाई शासनाकडून घ्यायची तर प्रत्येक सवलतीची नोंद हवी. म्हणून मशीन आता शासनाच्या अनुदानाचं बिलपुस्तकही झालं आहे. सवलतीचं तिकीट निघालं की नोंद होते. पण पास काढून शाळेला जाणारी मुलगी तिकीटच घेत नाही. वाहक तिचा पास पाहतो आणि पुढे सरकतो. गर्दीच्या गाडीत चाळीस पास एकेक करून मशीनवर चढवायला त्याला वेळ कुठून मिळणार? मग मशीनमध्ये ती गाडी जवळजवळ रिकामी दिसते. मानव विकास कार्यक्रमातून २२ जिल्ह्यांतल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी शाळेच्या वेळेला निळ्या गाड्या सुरू झाल्या. गावातून तालुक्याला आठवी-नववीनंतर शिकायला जाणाऱ्या कितीतरी मुलींचं शिक्षण या आणि अशा फेऱ्यांवर उभं आहे. उद्या एखादी संगणकप्रणाली ‘कमी भारमानाच्या फेऱ्या’ आपोआप निवडून दाखवू लागली, तर यादीत वरच्या ओळीला नेमक्या याच फेऱ्या येण्याचा धोका आहे. आज आगारातला माणूस जाणतो की त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. यंत्राच्या अहवालात त्याचं हे जाणणं उतरत नाही. पास मोजण्याची सोपी सोय, म्हणजे वाहकाने फक्त मुलींची संख्या दाबून नोंदवावी एवढी जरी झाली, तरी हा धोका बराच टळेल.

करारांचा इतिहासही पाहावा लागेल. पहिल्या पिढीची तिकीट मशीन घेताना यंत्र ठेकेदाराने आणायचं, दुरुस्ती त्यानेच करायची आणि तिकिटामागे ठरलेले पैसे त्याला द्यायचे, अशी रीत होती. भांडवल घालावं लागत नाही म्हणून तंगीतल्या महामंडळाला ती सोयीची. पण कराराच्या शेवटच्या वर्षांत यंत्र जुनं झालेलं असतं, ठेकेदाराला नव्यात पैसे घालायचे नसतात, बॅटरी तासाभरात उतरते, कागदाची गुंडाळी मधेच अडकते. मुंबईत बेस्टच्या वाहकांवर अशा बिघाडांमुळे पुन्हा कागदी तिकिटं फाडायची वेळ आली होती. एसटीने २०१९ मध्ये ज्येष्ठांसाठी आधारशी जोडलेलं स्मार्ट कार्ड आणलं. नोंदणीसाठी म्हाताऱ्या माणसांनी आगारांत रांगा लावल्या, मुदतवाढीमागून मुदतवाढ झाली, आणि शेवटी सवलतीसाठी पुन्हा आधार कार्डच दाखवलं जाऊ लागलं. या कार्डांत वृद्धांचे जे दिवस गेले त्यांचा हिशोब कुठल्याही ताळेबंदात येत नाही. पुढचा करार करणाऱ्यांनी निदान दोन गोष्टी लिहून घ्याव्यात: ठेका संपला तरी सगळी माहिती महामंडळाच्या मालकीची आणि वाचता येईल अशा रूपात राहील, आणि बिघडलेलं यंत्र किती तासांत बदलायचं हे विभागाच्या मुख्यालयासाठी एक आणि मुक्कामी गाडीसाठी दुसरं असणार नाही.

मुक्कामी गाडीचा उल्लेख आलाच आहे. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन जाणारी, रात्रभर गावात उभी राहणारी आणि पहाटे पहिली निघणारी ही गाडी खेड्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. यंत्रणेच्या दृष्टीने तीच सगळ्यात अवघड. रात्री चार्जिंगला जागा नाही, रेंजची खात्री नाही, दुरुस्तीला माणूस नाही. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत बांधलेल्या गाड्या दहा-दहा वर्षं खडीच्या रस्त्यांवर धावतात. धूळ, हादरे आणि उन्हाळ्याचा ताप पेटीतल्या नाजूक तारांना सोसवत नाही. यंत्रणा विकणारे प्रात्यक्षिक दाखवतात ते नव्या वातानुकूलित गाडीत. ते एकदा तरी मे महिन्यातल्या मुक्कामी गाडीत व्हावं.

सुरक्षिततेचा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेटला उभ्या शिवशाही गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाला आणि राज्य हादरलं. त्यानंतर कॅमेरे, जीपीएस, धोक्याचं बटण यांची चर्चा वेगाने पुढे आली. ते सगळं यायलाच हवं. पण तिला तिच्या गाडीबद्दल चुकीचं सांगून तिथवर नेलं गेलं होतं, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. आपली गाडी कुठली, ती कुठे उभी आहे, कधी सुटणार, हे प्रवाशाला अधिकृत आणि खात्रीच्या ठिकाणाहून कळणं हीच सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. अंधार पडल्यावर फाट्यावर उभ्या असलेल्या मुलीला धोक्याच्या बटणाचा उपयोग गाडीत चढल्यावर. गाडी येणार की नाही हे तिला त्याआधी कळायला हवं.

गावांनी स्वतःची व्यवस्था केव्हाच उभी केलेली आहे, याची दखल यंत्रणा आखणाऱ्यांनी घ्यावी असं मला मनापासून वाटतं. रोज अपडाऊन करणारे शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेतले लोक यांचे व्हॉट्सॲप गट असतात. मागच्या गावातला चढला की लिहितो, ‘निघाली’. कुणी वाहकाला ओळखतो, कुणी आगारातल्या नियंत्रकाला फोन करतो. स्टँडसमोरच्या चहावाल्याला कुठल्या वारी कुठली गाडी येत नाही हे पाठ असतं. या व्यवस्थेत रद्द फेरीची बातमी सगळ्यात आधी फिरते, म्हणजे नेमकी तीच बातमी जी मोठ्या यंत्रणेला देता येत नाही. तिच्यात उणीव एकच: ज्याची ओळख नाही, ज्याच्याकडे फोन नाही, जी बाई माहेरी पहिल्यांदाच एकटी निघाली आहे, ती या गटात नसते. सार्वजनिक सेवेचं काम ही ओळखीची व्यवस्था सगळ्यांची करणं. त्यासाठी प्रचंड खर्च लागत नाही. साधा संदेश, साध्या फोनवर, मराठीत. स्टँडवर एक फळा किंवा ध्वनिक्षेपक. आणि फोन केला तर उचलणारा एक क्रमांक.

पुढची प्रकरणं तिकिटापासून चार्जिंगपर्यंत एकेक विषय घेऊन जातात. मुंबई, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या शहर बससेवांचे अनुभव त्यांत आहेत, शेजारच्या राज्यांचे आहेत, विजेवरच्या गाड्यांनी नियोजनात आणलेले नवे पेच आहेत. १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर याच पहिल्या मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची गाडी धावली. अशी गाडी किती अंतर जाऊ शकते आणि चार्जिंग कुठे मिळेल, यावरून उद्या दूरच्या गावांच्या फेऱ्या ठरतील, आणि ते गणित संगणक मांडेल. म्हणून हे गणित मांडताना कुणाला काय विचारलं गेलं, हे आजच पाहायला हवं.

वाचकाने प्रत्येक प्रकरण वाचताना धाड समोर ठेवावं अशी माझी विनंती आहे. तिथे सकाळची एक फेरी रद्द झाल्याचं प्रवाशाला गाडीच्या वेळेआधी अर्धा तास कळवायचं असेल, तर आगारातल्या नियंत्रकाने ती नोंद कुठे करायची, त्यासाठी त्याला किती मिनिटं मिळतील, शेजारच्या विभागाची गाडी पर्याय म्हणून सांगायचा अधिकार त्याला आहे का, आणि तो रजेवर असेल त्या दिवशी हे काम कुणाचं?